शर्यतीचे नियम बदलले की पैसा कुठं जातो? मोटोजीपीची ८५० सीसी ते आपली १६५ची क्लास

तिसरा_गिअर (धागाकर्ता)

कोल्हापुरातले पाच-सहा गॅरेजवाले मिळून कार्टिंग ट्रॅकवर १६५ सीसीपर्यंतच्या गाड्यांची क्लब पातळीवरची क्लास काढायच्या विचारात आहेत. एफएमएससीआयची (देशातल्या मोटरस्पोर्ट क्लबांची संघटना) परवानगी, रायडरचं लायसन, अँब्युलन्स ही चर्चा वेगळी चालू आहे. इथं फक्त नियमावलीचं बोलू. मसुद्याच्या बैठकीत तीन गोष्टींवर गाडी अडली: इंजिन कितपत मोकळं सोडायचं, वजनाचं काय करायचं आणि टायर किती द्यायचे.

बोलता बोलता गाडी मोटोजीपीच्या, म्हणजे जगातल्या सगळ्यात वरच्या मोटारसायकल शर्यतीच्या, २०२७च्या नियमांवर गेली. १००० सीसीचं इंजिन ८५० होणार, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८१ मिमीवरून ७५वर येणार, टाकी २२ लिटरची २० होणार, गाडी खाली बसवणारं राइड हाइट डिव्हाइस बंद, किमान वजन १५७ किलोचं १५३ आणि हंगामाला ७ ऐवजी ६ इंजिनं. एकाचं म्हणणं, "बघा, वर पण खर्च कमी करायलेत." दुसरा म्हणाला, "नवीन इंजिन बनवायला लावून कसला खर्च कमी?" दोघांचंही पटलं, म्हणून धागा काढला. वरच्या पातळीवर कोणत्या नियमानं काय झालं ते आकड्यांसकट लिहा, म्हणजे आपल्याला काय उचलायचं आणि काय टाळायचं ते कळेल.

बोअर_स्ट्रोक

८५०ची बातमी वाचताना बहुतेक लोक सीसी बघतात. बघायचा असतो बोअर.

चार सिलिंडरचं १००० सीसी म्हणजे एकाला २५० सीसी. ८१ मिमी बोअर धरला तर स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ४८.५ मिमी येतो. ८५० म्हणजे एकाला २१२.५ सीसी, ७५ मिमी बोअरला स्ट्रोक ४८.१ मिमी. फरक अर्ध्या मिमीचासुद्धा नाही. म्हणजे १८,००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग आधी २९.१ मीटर प्रति सेकंद होता, नव्या इंजिनात २८.९. कनेक्टिंग रॉड आणि क्रँकवरचा ताण साधारण तिथंच राहतो. सीसी कमी झाली म्हणून आरपीएम चढवून पॉवर परत मिळवायची वाट बोअरच्या मर्यादेनं बऱ्यापैकी बंद केली आहे.

२००७ला ९९०ची ८०० केली तेव्हा ही मर्यादा नव्हती. सीसी कमी, टाकी २१ लिटरची, पण बोअर मोकळा. मग सगळ्यांनी बोअर मोठा आणि स्ट्रोक छोटा करून आरपीएम वर नेले. त्या आरपीएमला साधी व्हॉल्व्ह स्प्रिंग टिकत नाही, व्हॉल्व्ह कॅमच्या मागं राहतो आणि पिस्टनला भेटतो. डुकाटीकडं डेस्मो होतं, म्हणजे व्हॉल्व्ह बंद करायलाही कॅमच, त्यांना स्प्रिंगची फिकीर नव्हती. पहिल्याच वर्षी त्यांचा केसी स्टोनर विजेता झाला. जपान्यांना न्यूमॅटिक व्हॉल्व्हकडं (स्प्रिंगऐवजी दाबाची हवा) जावं लागलं, होंडानं तर २००८च्या मध्यावर ते आणलं. सुरक्षेसाठी वेग कमी करायचा म्हणून आणलेल्या नियमानं इंजिन महाग झालं, आणि वेग सरळ रस्त्यावरून उचलून वळणात नेऊन ठेवला. २०१२ला १००० सीसी परत आली तेव्हा ८१ मिमीचा बोअर त्यासाठीच घातला.

आपल्या क्लाससाठी घ्यायचं ते हे: सीसीची मर्यादा एकटी लिहू नका.

रंकाळा_टर्न

हिशेब बरोबर आहे, पण एक खर्च त्यात धरलेला नाही. नियम बदलणं हाच मोठा खर्च आहे. ८५०चं इंजिन कितीही साधं ठेवलं तरी कोऱ्या कागदावरून करायचं: नवं क्रँककेस, नवं हेड, त्याला बसणारी फ्रेम, नवे एअर डक्ट, आणि शंभर टक्के बिगर-जीवाश्म इंधनावर परत सगळं मॅपिंग. वर २०२६चा हंगाम जुन्या गाडीवर चालवत नवी समांतर तयार करायची. छोट्या कारखान्याला हे दुप्पट जड जातं.

८००च्या काळात काय झालं ते बघा. कावासाकी २००८नंतर कारखाना संघ घेऊन बाहेर पडली. २०१० आणि २०११ला ग्रिडवर पूर्ण हंगामाच्या जेमतेम १७ गाड्या. सुझुकी २०११ संपल्यावर गेली. मंदीचाही हात होता, मान्य. पण पाच वर्षांत दोन वेळा सीसी बदलणाऱ्या मालिकेत पैसा घालायला कोण धजावणार?

नियम तेच राहिले की मागचा पुढच्याला हळूहळू गाठतो, कारण पुढच्याकडं सुधारायला उरतं थोडं आणि मागच्याकडं उरतं जास्त.

बोअर_स्ट्रोक

हळूहळू गाठतो हे अर्धंच खरं. २०१६पासून सगळ्यांना एकच ईसीयू (इंजिनचा संगणक) आणि एकच सॉफ्टवेअर दिलं. त्या वर्षी नऊ वेगवेगळे विजेते झाले, त्यात सॅटेलाइट संघांचे (कारखान्याच्या गाड्या घेऊन धावणारे खासगी संघ) मिलर आणि क्रचलोसुद्धा. त्यानंतर इंजिनाचा मूळ नियम बदलला नाही. तरी २०२४ला २० पैकी १९ ग्रांप्री डुकाटीनं नेल्या, उरलेली एक विन्यालेसनं ऑस्टिनला अप्रिलियावर. स्थिर नियमात गाठायला डेटा लागतो, आणि डुकाटीच्या तेव्हा आठ गाड्या धावत होत्या. एका शुक्रवारी आठ गाड्यांचा डेटा एका कारखान्याकडं, यामाहाकडं दोन गाड्यांचा. २०२७ला प्रत्येक सत्रानंतर सगळ्या रायडरांचा जीपीएस डेटा सगळ्या संघांना मिळणार, तो नियम या दुखण्यावर आहे. सीसीपेक्षा हा नियम जास्त काम करेल असं माझं मत.

सायलेन्सर_काढलेला

पण मग सॉफ्टवेअर एक केल्यानं इलेक्ट्रॉनिक्सचा खर्च कमी झाला का नाही?

बोअर_स्ट्रोक

कोड लिहायचा कमी झाला. तोच पैसा हवेत गेला, म्हणजे एरोत. फेअरिंगवरच्या छोट्या पंखांवर, विंगलेटवर, २०१६नंतर सुरक्षेच्या नावानं बंदी आली, तर फेअरिंगच्या आत वळवलेले डक्ट आले. २०१९ला कतारमध्ये डुकाटीनं स्विंगआर्मखाली पात्यासारखा भाग लावला. होंडा, सुझुकी, केटीएम, अप्रिलिया चौघांनी तक्रार केली, अपिलात डुकाटीचं खरं ठरलं. मग पुढं सगळ्यांनीच तो लावला. सॉफ्टवेअरच्या जागी विंड टनेल आणि संगणकावरचं हवेचं गणित आलं, आणि ते सॉफ्टवेअरहून स्वस्त नाही.

आणि एक डोळ्याआड जाणारी बाब. सॉफ्टवेअर एक केलं तरी सेन्सर मोकळा होता. गाडीचा कल मोजणारं आयएमयू प्रत्येकाचं वेगळं, त्यात काही गणित लपवता येतं असा संशय. २०१९ला तेही एकसारखं करावं लागलं. सीसी, ईसीयू, सेन्सर, वायरिंग: एक भोक बुजवलं की पाणी पुढच्या भोकातून.

पिटलेनवाला

बंदीनं खर्च वाढल्याची माझ्या मते सगळ्यात चांगली दोन उदाहरणं.

एक, ड्युअल क्लच गिअरबॉक्सला बंदी. रस्त्यावरच्या गाडीत येणारी गोष्ट, बंद केली. मग होंडानं २०११ला सीमलेस गिअरबॉक्स आणला. एकच क्लच, पण पुढचा गिअर आधीच अर्धा गुंतलेला, त्यामुळं बदलताना ताकद तुटत नाही. नियमाच्या अक्षरात बसला. यामाहाला तो शर्यतीत आणायला २०१३चा सप्टेंबर उजाडला. हा गिअरबॉक्स उघडायला कारखान्याचाच माणूस लागायचा, सॅटेलाइट संघाच्या मेकॅनिकला हात लावू देत नव्हते.

दोन, इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शनला बंदी. मग हायड्रॉलिक राइड हाइट डिव्हाइस आलं. रायडर बटण दाबतो, मागचा भाग खाली बसतो, पुढचं चाक उचलत नाही, वळण सुटताना जास्त ताकद लावता येते. सगळं यांत्रिक. पुढचं २०२३ला बंद झालं, मागचं आणि शर्यत सुटताना वापरायचं होलशॉट डिव्हाइस २०२७ला. म्हणजे आधी सगळ्यांनी पैसा घालून बनवायचं, मग बंद करायचं. बंदी उशिरा आली की खर्च दोनदा होतो.

टायर प्रेशरचा किस्सा याच माळेतला. एरो आणि राइड हाइटमुळं पुढच्या टायरवरचा भार वाढला. किमान प्रेशर पुढं १.८० बार, मुख्य शर्यतीत ६० टक्के लॅप त्याच्या वर राहायला पाहिजे, नाही तर १६ सेकंदांचा दंड. स्प्रिंटमध्ये (शनिवारची छोटी शर्यत) ३० टक्के लॅप आणि ८ सेकंद. आता गंमत बघा. दुसऱ्याच्या मागं धावलं की गरम हवेनं प्रेशर चढतं, एकटं पुढं धावलं की उतरतं. पिटमध्ये हवा भरताना अंदाज बांधायचा, "आपला रायडर पुढं असेल का मागं?" २०२५ला थायलंडच्या बुरिरामला मार्क मार्केझ पुढं असताना मुद्दाम भावाच्या मागं गेला, प्रेशर वर आणलं आणि शेवटी परत पुढं जाऊन जिंकला. त्याच वर्षी कतारला विन्यालेस दुसरा आला आणि १६ सेकंदांच्या दंडानं चौदाव्यावर गेला. सुरक्षेचा नियम, पण निकाल ठरवतो.

रंकाळा_टर्न

इंजिन गोठवण्यावर पण लिहा कोणीतरी. सुझुकीनं २०१७ला चुकीच्या क्रँकचं इंजिन निवडलं, फिरण्याची जडता कमी-जास्त झाली, वळणात गाडी नीट शिरेना. आदल्या वर्षीच्या निकालांमुळं कन्सेशन (मागं पडलेल्या कारखान्याला नियमांत मिळणारी सवलत) गेलेलं, त्यामुळं इंजिनला सील. पूर्ण हंगाम त्याच इंजिनावर काढला. एक निर्णय चुकला की वर्ष गेलं. खर्च वाचवणाऱ्या नियमाचा फटका असा बसतो. २०१८ला कन्सेशन परत मिळालं, आणि २०२०ला जोआन मिर त्याच कंपनीवर विजेता.

सायलेन्सर_काढलेला

कन्सेशन म्हणजे हरणाऱ्याला बक्षीस. मला हे कधीच पटलं नाही. मेहनत करून पुढं गेला त्याला बांधायचं?

पिटलेनवाला

२०२३च्या शेवटी आलेली पद्धत बघ, मग बोल. शक्य असलेल्या कारखाना गुणांपैकी ८५ टक्के किंवा जास्त मिळाले तर ए गट, ६० ते ८५ बी, ३५ ते ६० सी, ३५च्या खाली डी. ए गटाला चाचणीचे १७० टायर आणि वाइल्ड कार्ड (एखाद्या शर्यतीला जादा गाडी उतरवायची मुभा) शून्य. डी गटाला २६० टायर, ६ वाइल्ड कार्ड, मुख्य रायडरना खासगी चाचणी, इंजिन मोकळं. कोणाची गाडी मागं ओढलेली नाही. मागच्याला शिकायला वेळ दिला आहे. होंडा २०२५च्या शेवटच्या शर्यतीत डीमधून सीमध्ये गेली, म्हणजे जिना चढता येतो. २०२७ला सगळे बी गटापासून सुरू करणार.

सुपरबाइकमध्ये, म्हणजे रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्या मालिकेत, मात्र तू म्हणतोस तसं होतं. तिथं पुढच्याला बांधतात. २०१९ला डुकाटीची पानिगाले व्ही४आर आली, १६,३५० आरपीएमची मर्यादा, आणि तिच्यावर बाउतिस्तानं पहिल्या ११ शर्यती जिंकल्या. मधेच २५० आरपीएम कमी केले, तरी नेदरलँड्समधल्या असेनला दोन्ही जिंकल्याच. पुढं विजेतेपद गेलं ते त्याच्या पडण्यामुळं. म्हणजे आकड्यानं बांधणं जमलं नाहीच.

त्या गाडीचं आणखी एक. रस्त्यावरची व्ही४ ११०३ सीसीची. शर्यतीचा नियम १००० सीसीचा, म्हणून ९९८ सीसीची वेगळी गाडी काढून विकावी लागते. २०१९ला किमतीची टोपी ४०,००० युरो होती, गाडीची किंमत ३९,९००. टोपी घातली की किंमत टोपीपाशीच जाऊन थांबते. कधी चुकत नाही.

सायलेन्सर_काढलेला

हे खरं आहे. मोटो३मध्ये (मोटोजीपीबरोबरची सगळ्यात छोट्या गाड्यांची क्लास) पण इंजिनला १२,००० युरोची टोपी घातली तर चेसिस महाग झाली, मग चेसिसलाही टोपी.

उद्यमनगर_लेथ

वरचं लई झालं, आता आपल्याकडं या. मसुद्यात "इंजिन स्टॉक", म्हणजे कंपनीतून आलं तसं, एवढंच लिहिलंय. तपासणार कसं ते लिहिलेलं नाही. तपासता येत नाही तो नियम लिहायचाच नाही, त्यानं सरळ माणूस मागं पडतो आणि चोर पुढं जातो.

आधी सीसी. ६२ बोअर, ५२.९ स्ट्रोक धरा, १५९.७ सीसी. बोअर ६३ केला, म्हणजे १.०० ओव्हरसाइज पिस्टन, तर १६४.९. म्हणजे १६५च्या मर्यादेत चारही ओव्हरसाइज बसतात. गाडी जुनी झाली तरी ब्लॉक बोअर करून चालवता येते, नवा ब्लॉक घ्यायला लागत नाही. १६० लिहिलं असतं तर पहिल्या रीबोअरला माणूस बाहेर. पण एक ओळ घाला: पिस्टन कंपनीच्या ओव्हरसाइजचाच, फोर्ज्ड नाही. फोर्ज्ड आला की त्याला वेगळा क्लिअरन्स, वेगळं होनिंग, आणि मग कॉम्प्रेशनचा खेळ सुरू.

दुसरं, कॉम्प्रेशन. १०:१चं इंजिन धरा. १५९.७ भागिले ९, वरची जागा १७.७ सीसी. हेड अर्धा मिमी फेस केलं तर सुमारे दीड सीसी जातात, रेशो १०.८ होतो. बाहेरून काही दिसत नाही. हेड न काढता मोजायचं असं:

पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (सगळ्यात वरच्या टोकाला), दोन्ही व्हॉल्व्ह बंद. प्लग काढा. गाडी अशी तिरकी करा की प्लगचं भोक सगळ्यात वर येईल, नाही तर आत हवेचा बुडबुडा अडकतो आणि आकडा खोटा येतो. ५० मिलीचा बुरेट, रॉकेलमध्ये थोडं इंजिन ऑइल. प्लगच्या आट्यांच्या वरच्या कडेपर्यंत भरा. प्लग १० मिमीचा आणि १९ मिमी रीचचा असेल तर आट्यांची जागा सुमारे १.५ सीसी, ती वजा करा. उरलेली जागा म्हणजे क्लिअरन्स. एक मिनिटाच्या आत वाचा, कारण रिंगांतून द्रव खाली उतरतो. पातळी पडताना दिसली तर ती मोजणी धरू नका, हेड उघडून पिस्टनच्या कडेला ग्रीस लावून परत मोजा.

अर्ध्या सीसीची चूक झाली तर रेशोत ०.३चा फरक पडतो. म्हणून मर्यादा १०.० लिहू नका. कंपनीचा आकडा अधिक ०.३ अशी सूट ठेवा, नाही तर दर शर्यतीला भांडण.

तिसरं, कॅम. टॅपेट क्लिअरन्स शून्य करा, रिटेनरवर डायल गेज, क्रँक हातानं फिरवून पूर्ण लिफ्ट वाचा. तुलना कशाशी? संयोजकांनी डीलरकडून एक नवा कॅम बिलासकट घ्यायचा, सीलबंद डब्यात ठेवायचा. पुस्तकातल्या आकड्यावर कोणी वाद घालेल, समोरच्या कॅमवर घालणार नाही.

तिसरा_गिअर

दादा, हेच पाहिजे होतं. एक प्रश्न. दोन व्हॉल्व्हच्या आणि चार व्हॉल्व्हच्या गाड्या एकत्र पळवायच्या आहेत, कारण वेगळी क्लास काढण्याइतक्या गाड्या नाहीत. चार व्हॉल्व्हला ताकद जास्त, म्हणून तिला रिस्ट्रिक्टर (हवेची वाट अरुंद करणारी प्लेट) लावू असं ठरतंय. कार्ब्युरेटर २६ मिमी असेल तर २४ची प्लेट. बरोबर?

उद्यमनगर_लेथ

प्लेट करून देणं सोपं, दहा मिनिटांचं काम. तपासायला नो-गो प्लग गेज २४.०५ मिमीचा, घुसला की बाद. पण अडचणी सांगतो. प्लेट प्रत्येकानं आपली आणायची म्हटलं तर कोणीतरी आतली कड व्हेंच्युरीसारखी गोल करणार. गेज तरी घुसत नाही, पण हवा जास्त जाते. म्हणून प्लेट संयोजकांनीच द्यायची, ३ मिमी जाड, कड धारदार, नंबर पंच केलेली, सकाळी द्यायची आणि संध्याकाळी परत घ्यायची. दोन्ही बाजूला नवा गॅस्केट. जुन्याच गॅस्केटवर बसवली तर हवा बाजूनं शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि पिस्टन चिकटतो. मग शिव्या संयोजकांना.

बोअर_स्ट्रोक

प्लेट चांगली झाली तरी ती आपल्या ट्रॅकवर काम करणार नाही. २६ची २४ म्हणजे क्षेत्रफळ १५ टक्के कमी. त्याचा परिणाम वरच्या आरपीएमला, हवा जास्त ओढली जाते तेव्हा. कार्टिंग ट्रॅकवर अर्धा वेळ इंजिन मधल्या आरपीएमला आणि थ्रॉटल अर्धवट उघडा. तिथं प्लेट असून नसल्यासारखी. वर रायडर मागची स्प्रॉकेट दोन दात बदलून गाडी प्लेटच्या खालच्या पट्ट्यात आणून ठेवेल.

इथं वजन लावा. गाडी आणि रायडर मिळून २१० किलो धरले, तर १० किलो म्हणजे जवळजवळ ५ टक्के, आणि ते प्रत्येक वळण सुटताना आणि प्रत्येक ब्रेकला जाणवतं. चेन्नईला इरुंगट्टुकोट्टईसारख्या लांब सरळ रस्त्याच्या ट्रॅकवर उलट: तिथं प्लेट चालते, वजन कमी चालतं. बरोबरी करायचं साधन ट्रॅक बघून निवडायचं.

सायलेन्सर_काढलेला

वजन गाडीचं का रायडरसकट?

पिटलेनवाला

रायडरसकटच. मोटो३ला १५२ किलो रायडरसकट आहे. सुपरबाइकनं २०२४ला आणलं, ८० किलो संदर्भ धरून रायडर हलका असेल तर फरकाच्या निम्मं वजन गाडीवर. निम्मं का, तर हलका रायडर गाडी अंगानं वळवायला कमी पडतो, त्याचं पूर्ण वजन लादणं त्याच्यावर अन्याय. बाउतिस्ता दोन वेळचा विजेता, त्याला हे झोंबलं.

कोल्हापुरात हे समजवायला लागू नये. खासबागेत ५७ किलोचा ८६च्या पैलवानासमोर कोणी उभा करतं का?

सायलेन्सर_काढलेला

गाडीला इंजिन असतंय, पैलवानाला नसतंय. पण मुद्दा कळला.

रंकाळा_टर्न

दोन गोष्टी राहिल्या, दोन्ही पेट्रोलशी संबंधित.

सध्या पंपावर ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतंय. त्याला पूर्ण जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा पुरते, एक किलो साध्या पेट्रोलला १४.७ किलो हवा तर ई२०ला साधारण १३.५. त्यामुळं जुन्या जेटवरची (पेट्रोल मोजून सोडणारं भोक) कार्ब्युरेटरची गाडी पातळ मिश्रणावर चालते, गरम होते. फ्युएल इंजेक्शनची गाडी ऑक्सिजन सेन्सरवरून अर्ध्या थ्रॉटलला स्वतःला सावरते, पूर्ण थ्रॉटलला सावरत नाही. म्हणजे सरकारी धोरण बदललं आणि तुमच्या एकाच क्लासमधल्या दोन गाड्यांत फरक पडला. उपाय: मेन जेट मोकळा ठेवा, प्रत्येकाला एक-दोन नंबर मोठा घालू द्या. जेट स्वस्त असतो, तिथं बंदी घालण्यात अर्थ नाही. पेट्रोल मात्र एकाच पंपावरून, एकाच कॅनमधून, सगळ्यांसमोर.

दुसरं, कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर. हवा चेन्नईपेक्षा ५ टक्क्यांच्या आसपास विरळ. इथं जमलेलं जेटिंग तिथं नेलं की पातळ पडतं. इथून राष्ट्रीय स्पर्धेला जाणाऱ्यांनी जेटचा डबा बरोबर ठेवावा.

पिटलेनवाला

क्लेम रूल, म्हणजे दुसऱ्याचं इंजिन ठरलेल्या किमतीला मागायचा नियम, घालणार का? मोटोजीपीला २०१२ला सीआरटी गाड्या (खासगी संघांच्या कमी खर्चाच्या) आणल्या, २४ लिटर इंधन, १२ इंजिनं, आणि त्यांचं इंजिन कारखाना संघ २०,००० युरोला गिअरबॉक्ससकट मागू शकायचे. हेतू हा की २०,०००च्या इंजिनात दोन लाख कोणी घालू नये.

उद्यमनगर_लेथ

आपल्याकडं विकत घ्यायचा क्लेम चालणार नाही. एक पैसेवाला हंगामाच्या शेवटी विरोधकाचं इंजिन उचलून नेईल, फक्त त्याला बसवायला. अदलाबदलीचा क्लेम करा: शर्यत संपल्यावर त्याच शर्यतीत पूर्ण अंतर धावलेला रायडर पहिल्या तिघांपैकी कोणाचाही सीडीआय (ठिणगीची वेळ ठरवणारा डबा) किंवा ईसीयू स्वतःच्या बदल्यात मागू शकतो. हंगामात एकदाच. ज्यानं मॅप बदललाय तो देताना ओळखू येतो.

त्याहून सोपं, हे सीडीआय-ईसीयूचे डबे संयोजकांचेच ठेवा. १२ गाड्या असतील तर १४ डबे, नंबर रंगवलेले, स्क्रूवर लाखेचं सील. सकाळी चिठ्ठ्या काढायच्या. मोटो२मध्ये (मोटोजीपीच्या लगेच खालची क्लास) इंजिनं सीलबंद आणि लॉटरीनं देत होते, तीच कल्पना स्वस्तात. दोन जादा डबे विसरू नका, नाही तर एक जळला की शर्यत अडते.

बोअर_स्ट्रोक

मोटो२चं पुढचं पण सांगा मग. इंजिन सगळ्यांचं एक, आधी होंडा ६००, २०१९पासून ट्रायम्फ ७६५. चेसिस मोकळी ठेवली, स्पर्धा व्हावी म्हणून. बहुतेक ग्रिडनं कॅलेक्स या एकाच कंपनीची चेसिस घेतली. कारण सगळं सारखं असताना वेगळी चेसिस घेणं म्हणजे धोका. मोकळीक दिली म्हणून वैविध्य येतंच असं नाही. शॉकचं पण तसंच होईल: मोकळा ठेवलात तर दुसऱ्या शर्यतीपर्यंत सगळ्यांकडं तोच महागडा शॉक. स्टॉक शॉक ठेवा, ऑइल आणि स्प्रिंग प्रीलोड मोकळं.

तिसरा_गिअर

ठीक. बैठकीत मांडायला एवढं घेतो: कंपनीचा ओव्हरसाइज पिस्टन १६५ सीसीपर्यंत, कॉम्प्रेशन कंपनीचा आकडा अधिक ०.३, कॅम डब्यातल्या नमुन्याप्रमाणं, सीडीआय-ईसीयूचे डबे लॉटरीनं, स्टॉक शॉक, जेट आणि स्प्रॉकेट मोकळे. प्लेट रद्द. दोन व्हॉल्व्ह आणि चार व्हॉल्व्हला रायडरसकट वेगळं किमान वजन, पहिल्या फेरीच्या लॅप टाइमवरून ५ किलोच्या पायरीनं बदलायचं. टायर एकाच कंपनीचे, एका फेरीला पुढचा एक आणि मागचा एक, साइडवॉलवर मार्करनं नंबर.

प्रोटेस्ट फी किती ठेवायची?

उद्यमनगर_लेथ

हेड उघडून परत बसवायला जेवढा गॅस्केट सेट आणि मजुरी, तेवढीच. कमी ठेवली तर रोज कोणीतरी कोणाचं तरी इंजिन उघडायला लावेल, जास्त ठेवली तर गरीब माणूस तक्रारच करणार नाही. इंजिन साफ निघालं तर पैसे ज्याचं उघडलं त्याला, गडबड निघाली तर तक्रार करणाऱ्याला परत.

आणि ५ किलोची पायरी एकाच फेरीवरून लावू नका. पाऊस पडला, कोणी मुद्दाम हळू चालवली, तर आकडा खोटा. दोन कोरड्या फेऱ्यांतला सगळ्यात वेगवान लॅप धरा, आणि तोसुद्धा त्या प्रकारच्या वरच्या तीन रायडरांचा.

सायलेन्सर_काढलेला

वजन लावणार कुठं? शिशाच्या पट्ट्या टाकीखाली बांधल्या तर पहिल्याच पडण्यात उडतील.

उद्यमनगर_लेथ

बांधायच्या नाहीतच. एका पट्टीचं वजन जास्तीत जास्त अडीच किलो, प्रत्येकीला एम८चे दोन बोल्ट, मागं नायलॉक नट. बोल्टच्या डोक्याला १.५ मिमीचं भोक, ०.८च्या स्टेनलेस तारेनं एकमेकांना बांधायचे, तार घट्ट होण्याच्या दिशेनं ओढलेली. जागा इंजिनच्या पुढं फ्रेमच्या खालच्या नळीला पत्र्याचा ब्रॅकेट करून. सीटखाली लावली तर पुढचं चाक हलकं पडतं आणि रायडर म्हणेल वजनामुळं गाडी वळत नाही, ते त्याचं खरंही असेल. शिसं मऊ असतंय, बोल्टखाली मोठा वॉशर घातल्याशिवाय भोक ओघळतं आणि दोन सत्रांत पट्टी खुळखुळायला लागते. प्रत्येक पट्टीला पिवळा रंग, वर वजन पंच केलेलं, म्हणजे तपासणाऱ्याला लांबून मोजता येतं.